हळदीकुंकवाला फुलपाखरे आली!

घरात दोन-चार कुंड्या नाहीत असे मराठी कुटुंब शोधून सापडायचे नाही. तुळस तर असतेच. तिच्या जोडीला गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती. फुले येतात, पूजेला लागतात, केसांत माळली जातात. फुलपाखरू मात्र क्वचितच फिरकते. आलेच, तर घटकाभर बसते आणि निघून जाते. ‘आमच्याकडे एवढी फुले आहेत, मग फुलपाखरे का राहत नाहीत?’ असा प्रश्न बागेची हौस असणाऱ्या अनेकांना पडतो.

उत्तर साधे आहे. आपण फुलपाखरांना चहापाणी देतो, पण बाळंतपणाची सोय करीत नाही!

फुलपाखरू फुलातील मध पिते, परंतु अंडी घालते ती पानावर. तीही वाटेल त्या पानावर नव्हे. प्रत्येक जातीची झाडे ठरलेली असतात. अंड्यातून निघणारी अळी त्याच झाडाची पाने खाऊन वाढते. दुसरे कोणतेही पान पुढे ठेवले, तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर जाडजूड हिरव्या अळ्या तुम्ही पाहिल्या असतील. ती ‘लाइम बटरफ्लाय’ किंवा ‘कॉमन मॉरमॉन’ या देखण्या फुलपाखरांची बाळे. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ‘ब्ल्यू मॉरमॉन’ म्हणजे आपले ‘निलवंत’, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवरच पोसल्या जातात.

म्हणजे ज्या झाडाकडे मध आहे आणि अळ्यांना चालणारी पानेही आहेत, असे झाड कुंडीत लावले की फुलपाखरांचा संसार आपल्या डोळ्यांसमोर सुरू होतो. अशा मोजक्या झाडांपैकी एक, कुंडीत सहज मावणारे, वर्षभर फुलणारे आणि नावानेच मराठी मनाला जवळचे वाटणारे झाड म्हणजे हळदीकुंकू.

नावाप्रमाणे रूप

हळदीकुंकवाचे झाड फार तर तीन-चार फूट उंच वाढते. सरळ दांडे, त्यावर समोरासमोर येणारी भाल्याच्या पात्यासारखी लांबट पाने आणि टोकाला छोट्या फुलांचे गुच्छ. प्रत्येक फुलाच्या लाल पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि मधोमध पिवळाधमक तुरा उभा राहतो. कुंकवाच्या करंड्यावर हळदीची चिमूट ठेवावी तसे हे फूल दिसते. काही रोपांना संपूर्ण पिवळी फुलेही येतात.

रोपवाटिकेत ते ‘मिल्कवीड’ किंवा ‘ब्लड फ्लॉवर’ या नावाने मिळते. दिल्ली, इंदूर, लखनौकडे ‘काकतुंडी’ म्हणून विचारावे. शास्त्रीय नाव ‘अॅस्क्लेपियस क्युरसाविका’. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली हे नाव दिले. त्यातील पहिला शब्द ग्रीकांच्या आरोग्यदेवतेवरून, तर दुसरा कॅरिबियन समुद्रातील क्युरसाव बेटावरून आला आहे. झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. बागेची शोभा म्हणून भारतात आले आणि इथलेच होऊन राहिले.

घाणेरी किंवा टणटणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झुडपाशी मात्र याची गल्लत करू नका. तिलाही लाल-पिवळे गुच्छ येतात, पण तिची पाने खरखरीत आणि उग्र वासाची असतात. हळदीकुंकवाचे पान गुळगुळीत असते आणि खुडले की पांढरा चीक येतो. ही खूण पक्की. पारखताना चीक हाताला लागू देऊ नका, हेही इथेच सांगून ठेवायला हवे. का, ते पुढे येईलच.

विषाचा आहेर

हा पांढरा चीक विषारी असतो. त्यातील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. गुरेढोरे या झाडाला सहसा तोंड लावीत नाहीत. मग नाजूक फुलपाखराने नेमके हेच झाड का निवडावे?

इथेच निसर्गाची गंमत आहे. ‘प्लेन टायगर’ या तांबूस-नारिंगी फुलपाखराच्या अळीला हे विष बाधत नाही. उलट ती ते अंगात साठवून ठेवते. अळीचा कोष होतो, कोषाचे फुलपाखरू होते, तरी माहेरचा हा आहेर अंगावर राहतोच. एखाद्या अननुभवी पक्ष्याने असे फुलपाखरू खाल्ले की त्याला उलटी होते आणि पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. याच कुळातील अमेरिकेच्या ‘मोनार्क’ फुलपाखरावर लिंकन ब्रोअर या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात प्रयोग केले. मोनार्क खाल्लेला ‘ब्ल्यू जे’ पक्षी थोड्याच वेळात ओकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

प्लेन टायगरला मराठीत ‘बिबळ्या कडवा’ म्हणतात. ‘कडवा’ हे नाव पक्ष्यांनीच दिले असावे, इतके ते चपखल आहे! कोणी खाणार नाही याची खात्री असल्याने हे फुलपाखरू घाईगर्दी करीत नाही. संथपणे, जमिनीपासून फार उंच न जाता उडते. मुलांना निरखायला याहून सोयीचे फुलपाखरू नाही. मागचे पंख नीट पाहायला सांगा: मध्यभागी चार काळे ठिपके असतील तर नर, तीन असतील तर मादी.

त्याच्या या वचकाचा फायदा दुसरेही घेतात. ‘डॅनेड एगफ्लाय’ नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. ती स्वतः विषारी नसते, नुसते सोंग घेते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा आणि अगदी वेगळा. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. तेव्हा हळदीकुंकवाशेजारी कुंडीत थोडी घोळ उगवली तर उपटू नका. अस्सल आणि नक्कल दोन्ही पाहायला मिळतील.

माणसालाही या फुलपाखराचे वेड जुनेच. प्राचीन ईजिप्तमधील नेबामुन या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचे एक भित्तिचित्र सापडले. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पाणवनस्पतींमध्ये उडणारी जी फुलपाखरे त्यात रंगवली आहेत, ती हीच, प्लेन टायगर!

लागवड अशी करा

हळदीकुंकू बियांपासून आणि फांदीपासून, दोन्ही प्रकारे येते.

बी लावायचे असेल तर फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. चपट्या, तपकिरी बियांना रेशमी धाग्यांचा झुपका असतो. तो काढून टाका. पसरट कुंडीत बारीक माती घेऊन बी वरच्यावर पेरा आणि मातीचा अगदी पातळ थर द्या. फवाऱ्याने पाणी घाला. हवा उबदार असेल तर एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. रोप बोटभर उंच झाले आणि पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की मोठ्या कुंडीत हलवा. पेरणीपासून साधारण तीन ते चार महिन्यांत फुले धरतात.

फांदी लावणे त्याहून सोपे. चार-पाच इंच लांबीचा, फुले नसलेला शेंडा कापा. खालची पाने काढून टाका. कापलेल्या जागेतून चीक येईल, तो वाहत्या पाण्याखाली धुऊन मगच फांदी मातीत खोचा. सावलीत ठेवून माती ओलसर राखली तर दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात.

कुंडी दहा इंचांची घ्यावी. दोन भाग बागेची माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू, असे मिश्रण पुरते. तळाचे भोक बुजणार नाही याकडे लक्ष द्या. पाणी साचले की मुळे कुजतात. रोजचे पाच-सहा तास ऊन हवेच. सावलीत झाड जगते, पण दांडे लांबतात आणि फुले कमी येतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्व किंवा दक्षिणेकडची बाल्कनी निवडावी. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्यावे. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत घातले की झाले, रासायनिक खतांची गरज नाही.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडा. बाजूने फांद्या फुटून झाड डेरेदार होते. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीनंतर, झाडावर अळ्या नाहीत असे पाहून ते जमिनीपासून सहा इंचांवर छाटा. नवी, लुसलुशीत पाने फुटतील आणि मादी अंड्यांसाठी अशीच कोवळी पाने शोधत असते.

थंडीचे पथ्य

हळदीकुंकू एकदा लावले की काही वर्षे टिकते, पण ते उष्ण प्रदेशाचे लेकरू आहे. मुंबई, कोकण, गोवा, हैदराबाद किंवा बडोद्याच्या वाचकांना थंडीची चिंता नाही. तिथे ते बाराही महिने फुलते. नाशिक, पुण्याच्या कडक थंडीत वाढ मंदावते, एवढेच. नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यात मात्र दुपारी बारा ते चार सावली करावी आणि कुंडीतल्या मातीवर वाळलेल्या पानांचा थर द्यावा.

दिल्ली, ग्वाल्हेर, चंदीगडकडच्या मराठी कुटुंबांनी डिसेंबर-जानेवारीत काळजी घ्यायला हवी. दव गोठण्याइतकी थंडी पडली की पाने काळी पडून झाड बसते. कुंड्या रात्री घरात किंवा दक्षिणेकडच्या भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात आणि पाणी निम्म्यावर आणावे. वरचा भाग जळाला तरी लगेच झाड उपटून टाकू नका. मुळे शाबूत असतील तर फेब्रुवारीअखेर बुंध्यापासून पुन्हा फुटते. खबरदारी म्हणून नोव्हेंबरमध्येच दोन-तीन फांद्या छोट्या कुंडीत लावून खिडकीशी ठेवल्या, तर वाण जात नाही.

पाने कुरतडली? शाबास!

आता खरी परीक्षा. झाड लावले, छान फुलले, आणि एके सकाळी पाहावे तो पानांना भोके! चार दिवसांत अर्धे झाड बोडके. अशा वेळी हात आपोआप औषधाच्या बाटलीकडे जातो. नेमके इथेच थांबायचे आहे. फुलपाखरांसाठी झाड लावून त्यांच्या अळ्यांवर फवारणी करणे म्हणजे हळदीकुंकवाचे आमंत्रण द्यायचे आणि दार लावून घ्यायचे!

भिंग घेऊन मुलांसह बसा आणि पाहा. मादी पानाला पायांनी स्पर्श करून चव घेते, पटले की पानाच्या खालच्या बाजूला एक पांढुरके अंडे चिकटवते. एका जागी एकच. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिला घास आपल्याच अंड्याच्या टरफलाचा घेते. पुढचे साधारण दोन आठवडे तिचे एकच काम, खाणे. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या, असा तिचा थाट. वाढताना ती चार वेळा कात टाकते. मोठी झालेली अळी पान खाण्यापूर्वी देठाला किंवा मधल्या शिरेला चावा घेते. पान लोंबकळते, चिकाचा ओघ कमी होतो आणि मग ती निवांत जेवते.

पूर्ण वाढ झाली की अळी झाड सोडून कुंडीच्या काठाला, गजाला किंवा भिंतीला जाऊन उलटी लटकते. दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा किंवा फिकट गुलाबी कोष असतो, त्यावर सोन्याच्या टिकल्यांसारखे ठिपके. हा कोष कचरा समजून झाडून टाकू नका. कामाला येणाऱ्या बाईंनाही आठवणीने सांगून ठेवा. आठ-दहा दिवसांनी कोष काळपट होतो आणि आतले नारिंगी पंख दिसू लागतात. तो दिवस चुकवू नये. फुलपाखरू बाहेर येते तेव्हा पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते पसरून वाळायला तासभर तरी लागतो. तेवढा वेळ हात लावायचा नाही.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सारा प्रवास महिन्याभरात पुरा होतो. आणि कुरतडलेले झाड? ते दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हिरवेगार होते. म्हणून एकच कुंडी न ठेवता चार-पाच ठेवाव्यात. एक बोडकी झाली तरी दुसरी भरलेली असते आणि अळ्यांवर उपासमारीची पाळी येत नाही.

सगळ्याच अळ्यांची फुलपाखरे होतील, असे मात्र नाही. काहींना गांधीलमाशी नेते, काहींवर परजीवी माशा अंडी घालतात. मुलांना वाईट वाटेल. पण त्या माशीलाही तिची बाळे आहेत, हे समजावून सांगण्याची ही चांगली संधी आहे.

मावा आला तर

हळदीकुंकवावर हमखास येणारी कीड म्हणजे पिवळा मावा. कोवळ्या शेंड्यांवर पिवळे ठिपके दाटीने दिसतात. याला औषध पाण्याचेच: जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढा किंवा हातमोजे घालून बोटाने पुसा. त्याआधी पानांखाली अंडी-अळ्या नाहीत ना, ते बघा. कडुनिंबाचे तेल निरुपद्रवी म्हणून अनेक जण फवारतात; इथे ते नको, कारण अळ्याही मरतात. लाल-काळे ठिपकेदार ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, मावा हेच त्यांचे अन्न.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाबाबत एक सावधगिरी. काही औषधे झाडाच्या रसात भिनतात आणि पाने धुतली तरी जात नाहीत. रोप घेताना फवारणीची चौकशी करा. शंका असेल तर आणल्यावर छाटून टाका, नव्या फुटीवर काही आठवडे जाळी ठेवा आणि मगच अंडी घालू द्या. घरी बियांपासून केलेले रोप सर्वांत खात्रीचे.

चिकापासून जपा

सुरुवातीला म्हटलेली गोष्ट आता नीट सांगायला हवी. हळदीकुंकवाचा चीक डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो, दुखतो आणि दृष्टी काही काळ अंधूक होऊ शकते. छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. डोळ्यात चीक गेलाच तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरगुती उपाय करीत बसू नका. झाडाचा कोणताही भाग पोटात गेल्याची शंका आली तरी डॉक्टरांना दाखवावे.

रांगते मूल किंवा दिसेल ते चघळणारे कुत्रे-मांजर घरात असेल, तर कुंड्या उंच जागी ठेवा. तशी जागा नसेल, तर मूल समजूतदार होईपर्यंत हे झाड न लावलेलेच बरे. तोवर कढीपत्त्याची कुंडी ठेवा. आमटीलाही पाने मिळतील आणि कॉमन मॉरमॉनही येईल.

पाहुण्याला मर्यादेत ठेवा, रुईला विसरू नका

हळदीकुंकू परदेशी आहे, हे लक्षात असू द्यावे. त्याच्या शेंगा फुटल्या की म्हाताऱ्या वाऱ्यावर उडत जातात आणि ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर रुजतात. तेव्हा शेंगा पिवळसर होताच खुडाव्यात किंवा दोऱ्याने बांधाव्यात. बी शेजाऱ्यांना द्या, रानात जाऊ देऊ नका.

प्लेन टायगरचे इथले जुने घर म्हणजे रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो आणि गणपतीच्या पत्रीत जिला मान आहे, तीच ही रुई. हळदीकुंकू नव्हते तेव्हाही या फुलपाखराच्या पिढ्या रुईवरच वाढत होत्या. आज रिकामे भूखंड साफ होतात, कुंपणाकडेची झुडपे निघतात, सोसायटीच्या आवारात फरशी येते, आणि रुई पहिली जाते. मारुतीच्या देवळाबाहेर माळ विकत मिळते, पण झाड कुठे आहे हे मुलांना दाखवता येत नाही.

सोसायटीच्या एका कोपऱ्यात, मुलांच्या वाटेपासून दूर, रुईचे एक झाड राखता आले तर हळदीकुंकवाच्या कुंड्यांकडे फुलपाखरे लवकर वळतील. कुंडीतील पाने संपली, तर अळ्यांना रुईची कोवळी पाने बहुधा चालतात. शिवाय खुळखुळ्याचे एखादे झुडूप असेल तर नरांची गर्दी होते. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारी द्रव्ये ते त्यातून शोषून घेतात.

मुलांचा उत्साह वाढवायचा असेल तर सुट्टीत एखादे फुलपाखरू उद्यान दाखवा. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडी आहे, बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला आहे. तिथेही गुपित हेच, अळ्यांना आवडणारी झाडे भरपूर लावायची.

आपल्याला तेवढी जागा नको. चार कुंड्या, पाच तास ऊन आणि पाने कुरतडलेली पाहण्याचे थोडे धैर्य असले की पुरे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या डब्या आणि प्लास्टिकच्या वाट्या आपण वर्षानुवर्षे लुटल्या. यंदा हळदीकुंकवाचेच रोप द्यायला काय हरकत आहे? सोबत चिकाची सूचना लिहिलेली चिठ्ठी मात्र जरूर द्या.